बंपरखालचं चौकोनी भोक

शनिवार, ८ फेब्रुवारी. सकाळी ९:१०

आजपासून रोजनिशी. माणसावर मोठी जबाबदारी आली की तिची नोंद राहिली पाहिजे. नंतर लोक विचारतात, कसं जमवलंत.

काल कमिटीची मीटिंग झाली. एकोणीस एप्रिलला जयंतीची मिरवणूक. पार्कच्या पार्किंग लॉटपासून कम्युनिटी हॉलपर्यंत, पाऊण मैल, रीतसर परमिट काढून. मागच्या वर्षी बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो सामानाच्या ढकलगाडीवरून न्यावा लागला होता आणि वाटेत तिचं एक चाक निघून गवतात गेलं. या वर्षी ट्रेलर सजवायचा. अंजनाताई (अध्यक्ष. हॉस्पिटलमध्ये भूल देतात, मीटिंगमध्येही देतात) म्हणाल्या, ट्रेलर ओढणारी गाडी कोणाकडे आहे? मी हात वर केला. टेक्सासमधल्या या अख्ख्या शुगर लँडच्या आपल्या लोकांत पिकअप फक्त माझ्याकडे. ट्रान्सपोर्ट हेड म्हणून एकमताने निवड. पदाचं नाव मीच सुचवलं.

मुख्य गोष्ट. मामाजी आलेत. जागृतीचे वडील, माझे सासरे, शंकरराव. अमरावती डेपोत चौतीस वर्षं एसटी चालवली. येऊन महिना झाला, पण माझ्या गाडीत एकदाही पुढे बसले नाहीत. मागे बसतात. विचारलं तर म्हणतात, मागे पाय मोकळे राहतात. जागृती चालवत असली की मात्र पाय पुढेही मोकळे राहतात. तर एकोणीस एप्रिलला सगळ्यांच्या पुढे माझी गाडी, मागे ट्रेलर आणि माझ्या शेजारच्या सीटवर मामाजी. मला या वर्षी एवढंच पाहिजे. बाकी प्रमोशन वगैरे द्यायचं तर द्या.

संकल्प: १. रोज अर्धा तास रिव्हर्सची प्रॅक्टिस. २. ट्रेलर जोडायला शिकणं. ३. हिच (गाडीला ट्रेलर अडकवायची जागा) साफ करणं.

त्याच दिवशी, दुपारी ४:००

संकल्प तीनपासून सुरुवात केली. सोपा होता.

मागच्या बंपरखाली एक चौकोनी भोक आहे. ट्रेलरची दांडी त्याच्यात जाते. गाडी घेऊन दोन वर्षं झाली, मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं. आत एक सुकलेलं पान, थोडी माती आणि कोणत्या तरी किड्याचं घर. फार उघडंवाघडं दिसतं ते. मग लक्षात आलं की माझी गाडी सगळ्यांच्या पुढे, म्हणजे दोनशे लोकांना पाऊण मैल माझ्या गाडीची मागची बाजूच दिसणार. आणि तिथे हे भोक!

इथे लोक त्याला कव्हर लावतात. नुसतं बूच नाही, डिझाइनवालं. उद्या ऑर्डर करतो. पाच मिनिटांचं काम.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी दहा ते संध्याकाळी सहा कव्हर बघितली. तीनशे चाळीस प्रकार आहेत. गरुड, कवटी, मासा, फुटबॉलच्या टीम, झेंडे, बंदुका, "माझा दुसरा ट्रकही ट्रकच आहे". माणसाचा स्वभाव कव्हरवरून कळतो असं एका रिव्ह्यूत लिहिलंय. पटलं.

रिव्हर्सची प्रॅक्टिस केली नाही. अशा उघड्या अवस्थेत गाडी बाहेर काढणं बरं वाटेना.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पहिलं कव्हर आलं. क्रोमचा टेक्सास स्टार. लावलं. पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. भोक दोन इंचांचं, कव्हर सव्वा इंचाचं. मी माप अनिकाच्या कंपासमधल्या पट्टीने घेतलं होतं आणि त्या पट्टीचा सुरुवातीचा पाऊण इंच तुटलेला निघाला, तो मी दोनदा वजा केला. अनिका म्हणाली, "डॅड, यू आर लिटरली अ‍ॅन एंजिनिअर." मी तिला समजावलं की एंजिनिअर माणूस एंजिनिअरच्या हत्यारांनी मोजतो, पोरांच्या पट्टीने मोजलं तर असंच होणार. ती म्हणाली, पट्टी न विचारता घेतली होती. विषयांतर.

मामाजी अंगणात खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, ट्रेलर जोडून पाहिला का एखादा? मी म्हणालो, मामाजी, एक एक स्टेप. ते बरं म्हणाले. ते बरं म्हणतात तेव्हा बरं वाटत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सगळे मिळून किराण्याला. मामाजी मागे. सिग्नलला आमच्यापुढे एक भला मोठा ट्रक, त्याच्या हिचला रबरी काहीतरी लोंबकळत होतं. जोडीने. गाडी थांबली तरी डोलत होतं. मामाजींनी विचारलं, ते काय आहे? मी म्हणालो, वजन. गाडीचा बॅलन्स राहतो त्याने. मामाजी म्हणाले, चौतीस वर्षं गाडी चालवली, असं वजन पाहिलं नाही. जागृती खिडकीतून बाहेर बघायला लागली. सिग्नल काही सुटेना. शेवटी मामाजीच म्हणाले, हे तर बैलाचं आहे. मग जरा वेळाने म्हणाले, पण बैल कुठे गेला?

अनिका हसून हसून सीटवरून घसरली. तो प्रकार मी यादीत घेतलेला नाही. (घेतला होता. काढला.)

रविवार, २३ फेब्रुवारी

दुसरं कव्हर. बोटीचा पंखा. पितळी रंग, तीन पाती, गाडी चालली की वाऱ्याने फिरतो. माप यावेळी ऑफिसच्या व्हर्नियरने घेतलं, चपखल बसला. हायवेवर मागचे लोक हात करत होते. काही दोन बोटांनी, काही एका बोटाने. लक्ष वेधून घेतो यात शंका नाही.

जागृतीने विचारलं, आपल्याकडे बोट आहे का. नाही. तळं आहे का. नाही. मग पंखा कशाला. हिला सौंदर्यदृष्टी नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

अनिकाने शाळेच्या एक चौक अलीकडे उतरवायला सांगितलं. म्हणाली, वॉक इज हेल्दी. आधी कधी हेल्दी नव्हतं. पंखा काढला. पोरीसाठी बाप काय काय सोडतो.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

रिव्हर्सची प्रॅक्टिस सुरू! गाडीने नाही, अजून. ऑफिसात टेबलावर स्टेपलरला पेन चिकटवून. पेन उजवीकडे न्यायचं तर स्टेपलर डावीकडे वळवायचा. साधं लॉजिक आहे. सात वेळा केलं, तीनदा बरोबर आलं. यूट्यूबवर व्हिडिओही पाहिले, एकूण एक्केचाळीस. जगात ट्रेलर मागे घेण्याबद्दल माझ्याइतकी माहिती फार कमी लोकांना असेल.

घरी सांगितलं की प्रॅक्टिस जोरात सुरू आहे. मामाजींनी विचारलं, पार्कात जाऊन करता का? म्हणे, मी बसतो सोबत, सांगतो. मी म्हणालो, नको मामाजी, एसटी वेगळी आणि हे वेगळं, इथलं स्टिअरिंग डावीकडे असतं. ते म्हणाले, रिव्हर्स इकून तिकून सारखाच असते. बरं, म्हणाले पुन्हा.

खरं कारण लिहून ठेवतो. त्यांच्यासमोर चुकलो तर पुढे बसणार नाहीत. आधी एकदम पक्कं शिकायचं, मग दाखवायचं.

शुक्रवार, ७ मार्च

तिसरं कव्हर. एलईडी. ब्रेक दाबला की लाल चमकतं. वायरिंग स्वतः केलं, मेकॅनिककडे गेलो नाही. आपण दिवसभर रिफायनरीचे प्लान्ट सांभाळतो, चार वायरींना काय घाबरायचं?

संध्याकाळी घरी येताना मागे पोलिसांची गाडी. माझे ब्रेकचे दिवे ऑफिसपासून अखंड पेटलेले होते म्हणे, बारा मैल. पोलीस टॉर्च घेऊन मागे गेला, वाकला, परत आला. सर, हे काय आहे? मी म्हणालो, डेकोरेशन. काय ओढता तुम्ही या गाडीने? मी म्हणालो, सध्या काही नाही. सहा आठवड्यांनी ओढणार आहे. त्याने टॉर्च बंद केला. मग फक्त वॉर्निंग देऊन सोडलं. त्यालाही पटलं असणार.

घरी सांगितलं नाही. कव्हर काढताना फ्यूज उडाला, तेवढंच सांगितलं, तेही खरंच आहे.

रविवार, ९ मार्च

आज घड्याळं एक तास पुढे केली. म्हणजे प्रॅक्टिसचा आजचा अर्धा तास आणि उद्याचाही अर्धा तास सरकारने खाल्ला.

शनिवार, १५ मार्च

चूक सापडली. बाजारातली कव्हरं बाजारातल्या लोकांसाठी असतात. आपली ओळख सांगणारं कव्हर खास बनवून घेतलं पाहिजे. ऑक्लाहोमामध्ये एक बाई आहे, पोलादावर लेझरने काहीही कापून देते. तीन आठवडे लागतात. बरोबर मिरवणुकीच्या आधी येतं. आता काय कापायचं एवढं ठरवायचं.

माझा पहिला विचार: धम्मचक्र. निळ्या रंगात. जेवताना सांगितलं. मामाजींचा घास हातातच राहिला. म्हणाले, विवेकराव, ज्याला आपण हात जोडतो ते सायलेन्सरच्या बाजूला लावायचं? धूर सोडायचा त्याच्या तोंडावर? गाडीत चढताना कोणी पाय देईल त्याच्यावर. मी म्हणालो, चक्र चाकाजवळच शोभतं, विचार तसा आहे. जागृती म्हणाली, विचार ठेव बाजूला आणि भात घे.

ठीक आहे. त्यांचं बरोबर आहे. मला वाटलंच होतं, मी फक्त त्यांची परीक्षा बघत होतो.

रविवार, १६ मार्च

मग सुचलं! एमएच एकतीस. नागपूरच्या गाडीचा नंबर. इथे राहून वीस वर्षं झाली तरी स्वप्नातल्या रस्त्यावर येतात त्या गाड्या एमएच एकतीसच्याच असतात. कमिटीच्या ग्रुपवर टाकलं, नुसतं माहितीसाठी. लोकशाही म्हणून पोलही टाकला.

दुपारी ३:३०

पोल टाकायला नको होता. पुण्याचे लोक एमएच बारा म्हणतायत. नांदेडचा यतीन एमएच सव्वीस म्हणतोय, आणि त्याचं कारण काय तर नांदेडचे लोक लेझीममध्ये जास्त आहेत. नाशिकवाले चिडले. मुंबईच्या एकाने विचारलं, यार, मुंबईचे चार नंबर आहेत, चारही येतील का. अंजनाताईंनी लिहिलं, आपण मिरवणूक काढतोय, आरटीओ उघडत नाही. पोल बंद केला. एकशे बारा मेसेज, आणि त्यातला एकही ट्रेलरबद्दल नाही. लोकांना मूळ मुद्दा कळतच नाही.

शेवटी ट्रान्सपोर्ट हेडच्या अधिकारात एमएच एकतीस ऑर्डर केलं. निळा रंग, पांढरी अक्षरं, पाव इंच जाड पोलाद.

बुधवार, २ एप्रिल

आलं. देखणं. हातात घेतलं तर वजनच सांगतं की हे काहीतरी आहे. जागृतीला दाखवलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, एकतीस? मी म्हणालो, हो, नागपूर. ती म्हणाली, मी कुठली? मी म्हणालो, अमरावती. ती म्हणाली, बाबा कुठले? मी म्हणालो, अमरावती. ती म्हणाली, अमरावतीचा नंबर काय?

सत्तावीस. माझ्या लक्षात होता. डोक्यात आला नाही एवढंच.

मामाजींनी कव्हर हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, काम चांगलं केलं आहे बाईनं. मोठा माणूस. चौतीस वर्षं सत्तावीसची गाडी चालवणारा माणूस बोलला नाही काही. मला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट हे की परत द्यायची सोय नाही.

शनिवार, ५ एप्रिल

कव्हर वाजतं. खडखड, खडखड. वीस मैलांच्या वर गेलं की पत्र्याच्या डब्यात खडे टाकल्यासारखं. रबर लावून पाहिलं, वर्तमानपत्र कोंबलं, अनिकाचा जुना मोजा गुंडाळला. (विचारून घेतला, यावेळी.) वाजतंच. मिरवणूक पाच मैलांच्या वेगाने जाणार हे खरं, पण मामाजी शेजारी बसणार आणि त्यांचे कान एसटीतले. डेपोत म्हणे इंजिन चालू करताच सांगायचे की कुठला नट ढिला आहे. त्यांना खडखड ऐकवायची नाही म्हणजे नाही.

रविवार, ६ एप्रिल. दुपारी १:००

प्रश्न कायमचा सुटला. वीस वर्षांच्या अनुभवातून सुटला. आमच्या कामात पाइपलाइनला गळती लागली की एक स्टीलचा लगदा लावतात. दोन डब्यांतलं मिसळायचं, भरायचं, चोवीस तास हलवायचं नाही. दगड होतो. दगड फुटेल, हा फुटत नाही. अर्धा डबा ऑफिसात एक्स्पायर होत आलेला पडून होता, आणला. भोक आतून घासून घेतलं, कव्हरची दांडी चारी बाजूंनी लिंपली, दाबून बसवली, कडेने बोट फिरवून फिनिशिंग दिलं. मेणासारखं काम.

मामाजी खुर्ची घेऊन जवळ आले होते. सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मग विचारलं, हे निघते ना? मी हसलो. म्हणालो, मामाजी, वीस वर्षं निघणार नाही. गाडी भंगारात जाईल पण हे जागेवर राहील. मामाजी माझ्याकडे बघत राहिले, मग भोकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. नुसते बरं म्हणाले आणि आत गेले. प्रभावित झाले की माणूस गप्प होतो.

आतून फोनवर बोलत असल्याचा आवाज आला. अमरावतीला माझं कौतुक सांगत असतील.

सोमवार, ७ एप्रिल

गाडी साठ मैलांनी चालवली. आवाज शून्य. मी गाडीत एकटाच हसलो.

शनिवार, १२ एप्रिल

आज ट्रायल ठरली होती. ट्रेलर आणायचा, जोडायचा, पार्कला एक चक्कर. केली नाही. कारणं: १. सकाळी ढग होते. २. लगद्याला पूर्ण ताकद यायला सात दिवस लागतात असं डब्यावर लिहिलंय, आज सहावाच. ३. ढग गेले तेव्हा जेवायची वेळ झाली.

अंजनाताईंचा फोन आला. ट्रायल घेतली का? मी म्हणालो, थिअरेटिकली रेडी आहोत. त्या काही म्हणाल्या नाहीत. भूल देणाऱ्या बाईला शांत राहायची सवय असतेच.

शुक्रवार, १८ एप्रिल

ट्रेलर भाड्याने आणायला मी जाणार होतो, पण चारची मीटिंग साडेपाचपर्यंत लांबली. जागृती म्हणाली, काळजी करू नको, ट्रेलर पोचेल पार्कला. कसा पोचेल हे विचारणार होतो, तेवढ्यात गाडी धुवायची आठवण झाली. धुतली. पॉलिश केली. एमएच एकतीस टूथब्रशने घासलं. शेजारच्या सीटवर मामाजींसाठी नवी उशी ठेवली. पाठीची.

उद्या. झोप यायला पाहिजे.

शनिवार, १९ एप्रिल. सकाळी ६:४०

निळा कुर्ता. गाडी चमकते आहे. मामाजींना म्हणालो, आज पुढे बसायचं. म्हणाले, बघू. म्हणजे हो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७:३०

क्रमाने लिहितो.

आठ वाजता पार्कला पोचलो. ट्रेलर आधीच आलेला, झेंडूच्या आणि निळ्या माळा लावलेल्या, मध्ये मूर्ती, मागे फोटो. यतीनने आणला होता. कसा आणला हे विचारायला वेळ नव्हता, कारण पोरं लेझीम घेऊन उभी होती आणि अंजनाताईंनी जय भीम म्हणून लगेच सांगितलं, विवेक, गाडी लाव.

मी रिव्हर्स घेतला. जमला! आरशात बघून, एका दमात, ट्रेलरच्या तोंडाशी सहा इंचांवर. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी खाली उतरलो. यतीन हातात ती गोळा असलेली दांडी घेऊन उभा होता. त्याने विचारलं, कुठे घालू?

मी भोकाकडे बघितलं. तिथे एमएच एकतीस होतं.

दोन महिने मी त्या भोकासमोर रोज वाकत होतो. ट्रेलरची दांडी तिथेच जाते हे मला माहीत होतं, याच रोजनिशीत पहिल्याच दिवशी मी ते लिहिलंय. आणि ट्रेलर लावल्यावर मागून कव्हर कोणाला दिसणार होतं? तेही आज सुचलं, साडेआठ वाजता, दोनशे माणसांसमोर.

हातोडी मारली. छिन्नी मारली. कोणीतरी पाना आणला, तो वाकला. नाशिकच्या एकाने लाथ मारली, त्याचा पाय मुरगळला. कव्हर तसूभर हललं नाही. मी पहिल्यांदा पाहिलं की आपण पाइपलाइनवर काय लावतो. पंचवीस मिनिटं गेली. पोरं लेझीम खाली ठेवून चिप्स खायला लागली. मी गाडीखाली आडवा, कुर्त्याचा पुढचा भाग काळा.

तेवढ्यात यतीनची मिनीव्हॅन हळूच मागे आली. तिला हिच होतं, सायकलीच्या रॅकसाठी बसवलेलं. उघडं, साधं, गंजकं भोक. दांडी आत गेली, पिन बसली, साखळ्या लागल्या. दीड मिनिट. कोणी कोणाला काही विचारलं नाही. इतक्या सराईतपणे झालं की मला शंका आली. अनिकाचा फोन बॉनेटवर होता, त्याच्यावर एक ग्रुप उघडा होता. नाव: मिरवणूक ट्रान्सपोर्ट (खरं). चौदा मेंबर. मी सोडून सगळी कमिटी. अ‍ॅडमिन जागृती. सुरू केल्याची तारीख ८ फेब्रुवारी. त्यांनी ट्रायलही घेतली होती. मागच्या शनिवारी. मी ढग बघत होतो तेव्हा.

जागृतीला विचारलं. ती म्हणाली, बाबांना विचार.

मामाजी जवळ आले. म्हणाले, राग नका मानू. डेपोत नवा ड्रायव्हर लाइनवर पाठवला की मागे एक स्पेअर गाडी तयार ठेवायची, ही पद्धतच आहे. त्याला सांगत नाहीत. सांगितलं तर स्टिअरिंगवर त्याचा हात थरथरते. मी म्हणालो, पण त्या रविवारी तुम्ही स्वतः पाहिलंत मी लगदा लावताना. तेव्हा का नाही बोललात? मामाजी खाली बघून म्हणाले, तुम्ही लय खुशीत दिसून राहिले होते. मोडवलं नाही मले.

मला वाटायचं मी या घरात कर्तबगार माणूस म्हणून राहतो. हे लोक मला वाढदिवसाच्या लहान मुलासारखं सांभाळत होते.

मिरवणूक झाली. छान झाली, सगळे म्हणतात. मिनीव्हॅनच्या पुढच्या सीटवर अंजनाताई. माझी गाडी सगळ्यांच्या शेवटी. मागे पाण्याच्या बाटल्यांचे खोके, खुर्च्या, आणि कोणी दमलं तर बसायची सोय. मी निळ्या झेंड्यांच्या पाठी बघत तीन मैलांच्या वेगाने चाललो होतो. माझ्या मागे कोणीच नव्हतं. कव्हर कोणालाच दिसलं नाही.

अर्ध्या वाटेत मामाजी रस्त्याच्या कडेला थांबले. गुडघा. मी गाडी थांबवली. मागची सीट खोक्यांनी भरलेली, म्हणून पुढचं दार उघडून बसले. उशी काढून मागे ठेवली. पाय लांब केले. हॉलपर्यंत तसेच गेलो. उतरताना म्हणाले, गाडी चांगली आहे. खडखड नाही कुठे.

रविवार, २० एप्रिल

गाडीखाली हीट गन घेऊन दोन तास. रंग उडाला, कव्हर जागेवर. एक मेकॅनिक म्हणतो, आख्खं हिच कापून नवं बसवावं लागेल. जागृती म्हणते, कशाला? तिचा मुद्दा मला कळला.

अंजनाताईंनी पुढच्या वर्षाची यादी टाकली. ट्रान्सपोर्ट: यतीन. स्पेअर: विवेक. यतीनच्या गाडीला काही झालं तर मूर्ती आणि फोटो माझ्या गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवायचा, ट्रेलरशिवाय. माझं नाव मामाजींनी सुचवलं म्हणे, स्वतः फोन करून. मला बरं वाटलं आणि वाईट वाटलं. वाईट जरा जास्त.

चहाच्या वेळी मामाजींना विचारलं, स्पेअरवाल्याने करायचं काय असतं? म्हणाले, काही नाही. टाकी भरून, गाडी पुसून, उभं राहायचं. बोलावलं तरच निघायचं. मी विचारलं, तुमच्या चौतीस वर्षांत स्पेअरला बोलावलं असं किती वेळा झालं?

मामाजी आठवायला लागले. चहा गार झाला तरी आठवत होते.